फास्ट सॉल्टची जुनी पुडी, आणि रंग येतो कुठून

बाटिकवाली

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात बाटिकचे वर्ग घेते, बावीस वर्षं झाली. आता जवळजवळ सगळीकडे रिॲक्टिव्ह रंग वापरतात, पण मी शिकले ते नेफ्थॉलवर, आणि नेफ्थॉलचा तो भरगच्च लाल मला अजून दुसऱ्या कशात सापडलेला नाही. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मेण लावलेलं कापड आधी नेफ्थॉलच्या पाण्यात बुडवायचं. नेफ्थॉल कॉस्टिक सोडा आणि टर्की रेड ऑइल घालून विरघळवलेलं असतं. कापड बाहेर काढलं की जेमतेम पिवळट दिसतं. ते निथळू द्यायचं आणि फास्ट सॉल्टच्या पाण्यात सोडायचं. दोन-तीन सेकंदांत लाल! इतकी वर्षं बघतेय, तरी त्या क्षणी वर्गातले सगळे गप्प होतात आणि मीही होते.

आता अडचण. कपाट आवरताना रेड बी सॉल्टची तेरा-चौदा वर्षांपूर्वीची पुडी सापडली. टाकवेना म्हणून वापरली. लाल आलाच नाही. गंजलेल्या पत्र्यासारखा तपकिरी आला, आणि धुताना अर्धा पाण्याबरोबर गेला. तेच नेफ्थॉल, तेच कापड, पण बाजारातली नवी पुडी घेतल्यावर लखलखीत लाल. म्हणजे खोट सॉल्टमध्येच आहे. पण सॉल्ट खराब कसं होतं? घरातलं मीठ तर कितीही वर्षं ठेवा, मीठच राहतं. नेफ्थॉलच्या पाण्यात आम्ही साधं मीठही टाकतो, त्यामुळे वर्गातली एक मुलगी विचारत होती की मग या दुसऱ्यालाही सॉल्ट का म्हणायचं. मला नीट सांगता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं आहे. आणि मूळ प्रश्न: दोन फिकट पाण्यांतून एवढा लाल येतो कुठून?

एमएस्सी_भाग_दोन

ताई, सॉल्ट म्हणजे इथे मीठ नव्हे, क्षार. आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून बनतो तो क्षार, आणि मीठ हा त्यातला एक. तुमच्या पुडीतला पदार्थ सेंद्रिय क्षार आहे, त्याला डायझोनियम क्षार म्हणतात. त्याचा धन भाग म्हणजे बेंझिनसारखं कडं आणि त्याच्या टोकाला एकमेकांना चिकटलेले दोन नायट्रोजन. त्याला सांभाळायला सोबत एक ऋण आयन असतो. हा रंग नाही, रंगाचा पूर्वज आहे. रंग तुमच्या कापडावर, तुमच्यासमोर तयार होतो. बाकीचं तारापूरवाले काका सांगतील, त्यांचं आयुष्य यात गेलं आहे.

तारापूर_जुना

मुलाने नेमकं सांगितलं. मी एकतीस वर्षं ॲझो रंगांच्या कारखान्यांत काढली. त्यातली पहिली अकरा रात्रपाळीत डायझोच्या, म्हणजे डायझोनियम क्षार करण्याच्या, टाकीशेजारी, हातात आयोडाइडचा कागद घेऊन. त्यामुळे या धाग्यावर मला लांबण लावू द्या.

बाजारात तुम्हाला ‘रेड बी बेस’ आणि ‘रेड बी सॉल्ट’ अशी दोन नावं दिसली असतील. नावाचं उत्तर तिथेच आहे. बेस म्हणजे अमाईन, आम्लारी. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सोडियम नायट्राइट घालायचं, तापमान शून्य ते पाच अंशांत धरून ठेवायचं, म्हणजे बेसचा क्षार होतो. रेणूंच्या हिशेबाने एका भाग अमाईनला दोन भाग ॲसिड पुरतं, पण कारखान्यात अडीच ते तीन भाग घेतात. ॲसिड कमी पडलं तर तयार झालेला डायझोनियम उरलेल्या अमाईनलाच जाऊन चिकटतो आणि घाण होते. नायट्राइट पुरेसं झालं का ते स्टार्च-आयोडाइडचा कागद निळा पडतो त्यावरून कळतं. जास्त झालेलं सल्फॅमिक ॲसिडने मारायचं. एवढंच डायझोटायझेशन, पण यातली प्रत्येक पायरी चुकवून पाहिली आहे, म्हणून सांगतो.

आता रंग. डायझोनियमचं टोक इलेक्ट्रॉनांचं भुकेलं असतं. कॉस्टिकमध्ये विरघळलेल्या नेफ्थॉलकडे इलेक्ट्रॉन भरपूर असतात. दोघं भेटताच जोडले जातात आणि मध्ये दोन नायट्रोजनांचा पूल पडतो, त्यालाच ॲझो म्हणतात. वेगवेगळे होते तेव्हा दोघंही मुख्यतः अतिनील प्रकाश शोषत होते, जो आपल्याला दिसत नाही, म्हणून फिकट वाटत होते. पूल पडल्यावर इलेक्ट्रॉनांना या कड्यापासून त्या कड्यापर्यंत मोकळं रान मिळतं आणि शोषण दिसणाऱ्या प्रकाशात सरकतं. निळा-हिरवा गिळला जातो, लाल उरतो. शिवाय हा जोड पाण्यात विरघळत नाही आणि धाग्याच्या आतच घडतो, म्हणून रंग पक्का.

आणि पुडी का बिघडली? त्या दोन नायट्रोजनांना मुळात कड्यावर राहायचंच नसतं. वायू होऊन उडून जाणं त्यांना सोयीचं. उष्णता मिळाली, दमट हवेतलं पाणी मिळालं की नायट्रोजन निघून जातो आणि त्याच्या जागी पाणी बसून फिनॉल होतो. तो फिनॉल शेजारच्या शाबूत डायझोनियमशी जोडला जातो. म्हणजे पुडीतच रंगकाम सुरू होतं, पण नको त्या जोडीदाराबरोबर. तुमचा तपकिरी तिथून आला. उरलेलं सॉल्ट इतकं अशक्त होतं की कापडावरच्या सगळ्या नेफ्थॉलला पुरलं नाही, आणि नुसतं नेफ्थॉल धुण्यात निघून गेलं.

पूर्वज टिकाऊ हवा, नाहीतर पुडीत मरतो. पण फार टिकाऊ झाला तर कापडावर जोडलाच जाणार नाही. आमच्या धंद्याची सगळी अक्कल या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात आहे.

सूतवाला_सोलापूर

काका, तुमचा आयोडाइडचा कागद वाचून अंगावर काटा आला. आमच्या वडिलांचं सूत रंगवायचं छोटं घर होतं, चादरी-टॉवेलांच्या सुताचं. ते सॉल्ट घेत नसत, महाग पडायचं. बेस आणून स्वतः डायझो करत. पहाटे बर्फाच्या लाद्या यायच्या, लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या, आणि त्या फोडायचं काम माझं आणि भावाचं. वडील म्हणायचे, बर्फ संपला की रंग संपला. सोलापूरचा उन्हाळा, बेचाळीस अंश, आणि टबात शून्य! मे महिन्यात रंगकाम पहाटे तीनला सुरू व्हायचं आणि आठला बंद. त्यामागचं कारण मला आज कळलं, की उशीर झाला तर नायट्रोजन उडून जायचा.

माइनकाठचा

सूतवाले, तुमच्या वडिलांच्या पद्धतीचं जुनं नाव खरोखरच ‘बर्फाचे रंग’ असं होतं. इंग्लंडमध्ये हडर्सफील्डच्या हॉलिडे घराण्याने १८८० मध्ये याचं पेटंट घेतलं. कापडात आधी बीटा-नेफ्थॉल मुरवायचा आणि मग बर्फात थंड ठेवलेल्या डायझोच्या पाण्यातून काढायचं.

मी फ्रँकफर्टजवळ राहतो, रसायन उद्योगातच आहे. इथून ऑफेनबाख हाकेच्या अंतरावर. तुम्ही ज्याला नेफ्थॉल म्हणता ते नेफ्थॉल एएस ग्रीसहाइम-इलेक्ट्रॉन कंपनीच्या तिथल्या कारखान्यातून १९१२ च्या सुमारास आलं. साध्या बीटा-नेफ्थॉलपेक्षा त्याचा फायदा असा की ते सुती धाग्याला स्वतःहून धरून बसतं. बीटा-नेफ्थॉल लावलेलं कापड दोन रंगांच्या मध्ये वाळवावं लागायचं. एएसवाल्या कापडाला नुसतं निथळणं पुरतं. ताई वर्गात रोज जे करतात, ते त्या बदलामुळे शक्य झालं.

आणि डायझो शोधणारा माणूस पीटर ग्रीस. १८५८ मध्ये त्याने हे पदार्थ प्रथम मांडले. पुढे १८६२ पासून तो इंग्लंडमध्ये बर्टनच्या एका बिअरच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरीला होता. दिवसा बिअर तपासायची आणि उरलेल्या वेळात डायझोची रसायनं, असं त्याने शेवटपर्यंत केलं. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. आज जगातल्या कृत्रिम रंगांतला सर्वांत मोठा गट ॲझो रंगांचा आहे आणि त्याचं मूळ तिथे आहे.

बाटिकवाली

काका, दादा, मी दोनदा वाचलं आणि वर्गातही वाचून दाखवलं. आता पुढचा प्रश्न. मधली जागा शोधायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? रेणूत काय बदलता येतं?

तारापूर_जुना

दोन गोष्टी हातात असतात: कड्यावर काय बसवायचं, आणि सोबतीला कोणता ऋण आयन द्यायचा.

तुमच्याच रेड बीचं उदाहरण घ्या. त्याचा बेस म्हणजे २-मिथॉक्सी-४-नायट्रोॲनिलिन. नायट्रोजनाच्या बरोबर समोरच्या जागेवर नायट्रो गट आहे आणि तो इलेक्ट्रॉन खेचून घेतो. त्यामुळे टोक अधिक भुकेलं होतं आणि नेफ्थॉलशी झटकन जोडलं जातं. पण त्याच ओढीमुळे नायट्रोजनाला सोडून जाणंही अवघड होतं, कारण तो गेला तर मागे उरणारं कडं फारच उघडं पडतं. म्हणजे एकाच गटाने दोन कामं केली, जोड वेगाने आणि पुडीत धीर जास्त. नुसत्या ॲनिलिनच्या डायझोनियमला हे भाग्य नाही, तो बर्फातून बाहेर काढला की काही तासांत गेला. मिथॉक्सीचं काम मुख्यतः रंगाच्या छटेचं.

उलट टोकाचा उपायही आहे. समोरच्या जागेवर इलेक्ट्रॉन देणारा गट, समजा डायमिथिलअमिनो, बसवला की तो नायट्रोजनाच्या जोडाला आधार देतो आणि क्षार अंधारात कमालीचा टिकतो. पण मग भूक कमी होते, जोडणं मंदावतं. कापडाला असला संथ पूर्वज चालत नाही. कुठे चालतो, ते इथल्या एखाद्या जुन्या ड्रॉइंगवाल्याला माहीत असेल.

आता सोबती. धन आयन एकटा राहू शकत नाही. क्लोराइड दिला तर पाण्यात सगळं ठीक, पण तो क्षार कोरडा करणं म्हणजे जिवाशी खेळ. कोरडा बेंझिन डायझोनियम क्लोराइड धक्क्याने, घासण्याने, उष्णतेने फुटतो. म्हणून मोठे, शांत, फारसे कशाला न चावणारे सोबती शोधले गेले. झिंक क्लोराइडबरोबरचा दुहेरी क्षार सर्वांत जास्त चालला. नॅफ्थॅलीन-१,५-डायसल्फोनेट दुसरा. टेट्राफ्लुओरोबोरेट तिसरा, तो रंगकामापेक्षा प्रयोगशाळेत अधिक. यांच्याबरोबर क्षार पाण्यातून नीट खाली बसतो, गाळता येतो, वाळवता येतो. पुढे त्यात अर्धवट निर्जल केलेलं ॲल्युमिनियम सल्फेट मिसळतात. ते ओल स्वतः पिऊन घेतं, स्फोटाचा धोका पातळ करतं आणि कापडाबरोबर आलेला कॉस्टिकही मारतं. तुमच्या पन्नास ग्रॅमच्या पुडीत खरा बेस साधारण पाचवा हिस्सा असतो. उरलेलं सगळं त्याला सांभाळणारं. म्हणूनच पुडी उघडल्यावर तोंड घट्ट बांधून कोरड्या, थंड जागी ठेवायची. फ्रीजमध्ये ठेवायची असेल तर खाण्याच्या वस्तूंपासून पूर्ण वेगळी.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. एका कारखान्यात, नाव घेत नाही, डायझोच्या पाइपचा जोड गळत होता. थेंब थेंब बाहेर येऊन वाळत गेलं आणि जोडावर पिवळट खपली धरली. आमच्या पाळीतल्या एका मुलाने ती पान्याने खरवडली. बोटाच्या पेराएवढी खपली असेल. त्याच्या उजव्या कानाला त्या दिवसापासून ऐकू येत नाही. कोणी त्याला सांगितलंच नव्हतं की ओलं असताना जे गरीब असतं ते वाळल्यावर तसं राहत नाही. मी तेव्हा कनिष्ठ होतो, पण सांगणं माझंही काम होतं. त्यानंतर माझ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवलं: सांडलं की लगेच भरपूर पाणी. ताई, तुमच्या पातळ केलेल्या पुड्यांत तसला धोका नाही. पण सॉल्टचं पाणी टबाच्या काठावर वाळू देऊ नका, ही सवय वर्गाला लावाच.

टी_स्क्वेअर

काकांनी बोलावलं म्हणून आलो. मी स्थापत्य अभियंता, १९८४ ला ड्रॉइंग ऑफिसात लागलो. अमोनिया प्रिंट!

ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने काढलेला नकाशा, त्याखाली पिवळट लेपाचा कागद. दोन्ही यंत्रातून दिव्यासमोरून सरकायचे. मग तो कागद अमोनियाच्या वाफेतून जायचा आणि जांभळ्या-निळ्या रेघा उमटायच्या. डोळे चुरचुरायचे, नाक बंद व्हायचं. साइटवर जाणारी प्रत्येक प्रत अशीच निघायची. धरणाच्या सांडव्याच्या, शाळांच्या, पाण्याच्या टाक्यांच्या शेकडो प्रती मी अशा काढल्या आहेत. त्या लेपात हाच डायझोनियम होता का?

तारापूर_जुना

हाच. मघाशी म्हटलं तो संथ, अमिनोवाला, बहुधा झिंक क्लोराइडचा दुहेरी क्षार. कागदावर तो आणि त्याचा जोडीदार शेजारी शेजारी बसवलेले असतात, पण लेपात आम्ल घातलेलं असतं. आम्लात जोडीदार फिनॉलला इलेक्ट्रॉन द्यायला जमत नाही, म्हणून दोघं महिनोन्‌महिने नुसते शेजारी. दिव्याचा जांभळा-अतिनील प्रकाश जिथे पडला तिथला डायझोनियम नायट्रोजन सोडून मरतो. जिथे शाईच्या रेघेची सावली होती तिथे तो जिवंत राहतो. मग अमोनिया आम्ल मारतो आणि जिवंत राहिलेले तेवढे जोडले जातात. सावलीचा रंग होतो.

उष्णतेला टिकाऊ, प्रकाशाला हळवा, आणि जोडणार कधी तर अमोनिया सांगेल तेव्हाच. एका क्षाराकडून तिन्ही अटी पाळून घेतल्या आहेत. मला आमच्या विषयातली ही सर्वांत देखणी रचना वाटते.

माइनकाठचा

आणि ती इथलीच. गुस्ताव कोगेल नावाच्या बेनेडिक्टाइन साधूने सुरू केलेलं काम वीसबाडेनच्या काले कंपनीने १९२० च्या दशकात बाजारात आणलं, ‘ओझालिड’ नावाने. ‘डायझोल’ या शब्दाची रोमन अक्षरं उलटसुलट केली की ते नाव तयार होतं.

लॅबमधली

मी इथे फक्त वाचायला येते, पण आज लिहिल्यावाचून राहवत नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, सत्तावीस वर्षं. कावीळ तपासताना आम्ही रोज डायझो करतो आणि मला हे बाटिकशी जोडलेलं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

जुन्या पद्धतीत दोन बाटल्या असायच्या. एकीत हायड्रोक्लोरिक ॲसिडमधलं सल्फॅनिलिक ॲसिड, दुसरीत सोडियम नायट्राइट. सकाळी लागेल तेवढंच मिसळायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी चालत नाही, असं आमच्या सरांनी बजावलेलं. रक्तद्रवातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळीतला पिवळा पदार्थ, त्याच्याशी जोडलं जातं, गुलाबी-जांभळा रंग येतो आणि तो ५४० नॅनोमीटरच्या आसपास मोजायचा. एर्लिखने हा डायझो १८८३ मध्ये वापरला आणि व्हॅन डेन बर्गने १९१६ मध्ये त्यावरून बिलिरुबिनच्या डायरेक्ट-इनडायरेक्ट प्रकारांचा भेद केला, एवढं आम्हाला शिकवलं होतं. उरलेलं का चालत नाही, ते मात्र काकांनी आज सांगितलं.

नवजात बाळांचे नमुने येतात तेव्हा जीव टांगलेला असतो. बाळ पिवळं दिसतं, बाहेर आजी उभी असते, आणि त्या गुलाबी रंगावर ठरतं की बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवायचं का. शिळ्या डायझोने आकडा कमी आला तर? या भीतीने मी बाटलीवर मिसळल्याची वेळ लिहायची सवय लावून घेतली. आताच्या मशीनच्या किटमध्ये मिसळावं लागत नाही. तयार क्षारच येतो. माहितीपत्रकात ‘डायक्लोरोफिनाइल डायझोनियम टेट्राफ्लुओरोबोरेट’ असं लिहिलेलं असतं. आजवर ते फक्त एक लांब नाव होतं.

एमएस्सी_भाग_दोन

लॅबताई, त्या नावात काकांचे दोन्ही निर्णय दिसतात बघा. डायक्लोरो म्हणजे कड्यावर दोन क्लोरीन, तेही इलेक्ट्रॉन खेचतात, म्हणून बिलिरुबिनशी चटकन जोड. टेट्राफ्लुओरोबोरेट हा शांत सोबती, म्हणून बाटलीत टिकाव. नाव वाचून रचनेमागचा हेतू कळला, मला हे आज पहिल्यांदाच जमलं.

माझाही विषय सांगतो. माझा प्रकल्प डायझोचा नाही, पण तोही सेंद्रिय क्षारांतून रंग करण्याचाच आहे. सायनीन रंग. त्यांचा पूर्वज इंडोलियम क्षार. २,३,३-ट्रायमिथिलइंडोलेनिनला मिथिल आयोडाइडबरोबर तापवलं की नायट्रोजनावर एक मिथिल जादा बसतो, नायट्रोजन धन होतो आणि आयोडाइड सोबती होतो. फिकट गुलाबीसर स्फटिक खाली बसतात. धन नायट्रोजनामुळे शेजारच्या मिथिलवरचे हायड्रोजन सैल होतात आणि तिथूनच साखळी जोडता येते. असे दोन क्षार ट्रायइथिल ऑर्थोफॉर्मेटने जोडले की तीन कार्बनांचा पूल पडतो आणि साधारण ५४५ नॅनोमीटरला शोषणारा गुलाबी रंग मिळतो. पूल दोन कार्बनांनी लांबवला की शोषण जवळजवळ शंभर नॅनोमीटर पुढे, म्हणजे निळा रंग. अजून दोन कार्बन, की ७५० च्या आसपास, डोळ्याला जवळजवळ दिसेनासा.

डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या पाहायला वापरतात तो इंडोसायनीन ग्रीन याच कुळातला, ८०० च्या जवळ शोषणारा. अमेरिकेत १९५९ पासून मान्य आहे. त्याच्या पूर्वजात नायट्रोजनावर मिथिलऐवजी टोकाला सल्फोनेट असलेले चार कार्बनांचे हात बसवलेले असतात, म्हणून तो रक्तात विरघळतो. विरघळणं रंग तयार झाल्यावर आणलेलं नाही, पूर्वजातच बसवून घेतलं आहे.

माझी अडचण सोबत्याची होती. आयोडाइड ठेवला तर रंगाची चमक मंदावते. जुन्या शोधनिबंधांत सर्रास परक्लोरेट वापरलेला दिसतो, स्फटिक सुरेख येतात म्हणून. आमच्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, सेंद्रिय धन आयनाचा परक्लोरेट या प्रयोगशाळेत होणार नाही, तो फुटतो. टेट्राफ्लुओरोबोरेट करा. तेव्हा मला ते उगाच कडक वाटलं होतं. काकांची पान्याची गोष्ट वाचून आज बाईंना फोन केला.

तारापूर_जुना

बेटा, त्या बाईंना माझा नमस्कार सांग. आणि टॉसिलेट या आणखी एका सोबत्याबद्दल वाचून ठेव. रशियातल्या तोम्स्कच्या मंडळींनी २००८ मध्ये डायझोनियमचे टॉसिलेट करून दाखवले, कोरडे असूनही बरेच शांत. माझ्या वेळेला हा पर्याय कोणी सांगितला नाही. पण शांत म्हणजे निर्धास्त नव्हे. नवा क्षार असेल तर आधी मिलिग्रॅममध्ये कर, उष्णतेची चाचणी कर, मगच पुढे.

माइनकाठचा

ताई, एक महत्त्वाचं राहिलं. तुमच्या कपाटात अजून कोणकोणत्या पुड्या आहेत? आपण पूर्वज फक्त टिकाऊपणा आणि रंग पाहून निवडायचे, हे फार काळ चाललं. पण ॲझोचा पूल शरीरात किंवा जिवाणूंकडून तुटू शकतो, आणि तुटला की मूळ अमाईन परत मिळतो. तो अमाईन कर्करोगकारक असेल तर सगळं मुसळ केरात. जर्मनीने १९९४ मध्ये बंदीला सुरुवात केली आणि नंतर युरोपीय संघाने बावीस अमाईनांची यादी केली. त्वचेला लागणाऱ्या कापडात त्यांपैकी एकही किलोला तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त सुटता कामा नये. भारत सरकारनेही १९९७ मध्ये अशा ॲझो रंगांवर बंदी आणली.

बाटिकवाली

कपाट उघडून बसले आहे. रेड बी, ऑरेंज जीसी, ब्लू बी, ब्लू बीबी, गार्नेट जीबीसी, स्कार्लेट जी, आणि पिवळ्यासाठी नेफ्थॉल एएस-जी.

तारापूर_जुना

ब्लू बी, गार्नेट जीबीसी आणि स्कार्लेट जी आजच बाजूला काढा. ब्लू बीचा बेस बेंझिडिनच्या कुळातला, डायमिथॉक्सीबेंझिडिन. गार्नेटचा अमिनोॲझोटोल्यूइन. स्कार्लेट जीचा २-अमिनो-४-नायट्रोटोल्यूइन. तिन्ही त्या यादीत आहेत. कुठे रेड टीआर दिसला तर तोही काढा. एएस-जी हे सॉल्ट नाही, पण त्याच्या पोटात टोलिडीन आहे, तोही यादीतला, तेव्हा तेही नको. निळ्यासाठी ब्लू बीबी वापरा, छटा किंचित जांभळट येईल. त्याचा अमाईन यादीत नाही, तरी हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच, यादीत नसणं म्हणजे निरुपद्रवी असणं नव्हे. काढलेल्या पुड्या मोरीत ओतू नका, जाळू तर मुळीच नका. न उघडता पिशवीत बांधून जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात द्या, ते घातक कचऱ्यातून पाठवतील.

मी स्वतः ब्लू बीचे किती तरी टन करून बाहेर पाठवले आहेत. तेव्हा बेस उघड्या फावड्याने भरत असू, तोंडावर पंचा. त्या विभागातल्या दोघांना पुढे मूत्राशयाचा कर्करोग झाला. बेंझिडिनच्या कुळाचं हे लक्षण पुस्तकांत कधीपासून लिहिलेलं होतं, आमच्या फावड्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. नव्या मुलांनी पूर्वज आखताना कागदावर पहिल्यांदा तुटल्यावर काय उरेल ते लिहावं, छटा नंतर.

सूतवाला_सोलापूर

काका, वडील पासष्टाव्या वर्षी त्याच आजाराने गेले. त्यांच्या टबात काय काय होतं ते मी आज कोणाला विचारू? तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

तारापूर_जुना

सूतवाले, निरोपात फोन नंबर पाठवा. बोलू आपण.

बाटिकवाली

तीन दिवसांनी लिहितेय. चार पुड्या बांधून एका महाविद्यालयात देऊन आले. तिथल्या प्राध्यापकांनी आधी पावती दिली, मग चहा दिला.

तोवर वर्गात एक चाचणी सुरू केली आहे. नेफ्थॉल मुरवलेली सुती पट्टी घ्यायची. सॉल्टची पुडी उघडली की आधी चिमूटभर गार पाण्यात विरघळवून त्याचा एक थेंब पट्टीवर टाकायचा. थेंब पडताक्षणी स्वच्छ, भरीव ठिपका उमटला तर पुडी चांगली. फिका आला, मळकट आला, कडेला तपकिरी वळं धरलं तर नाही. पट्टीवर तारीख लिहून ती पुडीलाच टाचून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी ताडून बघता येतं. आज त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेच पहिला थेंब टाकला, नव्या रेड बीचा. मग जुन्या पुडीचा, शेजारी. दोन्ही ठिपके कितीतरी वेळ बघत बसली आणि म्हणाली, बाई, म्हणजे या दुसऱ्याचा रंग पुडीतच होऊन गेला होता.